बावन्न ते चोपन्न

रेफरीच्या वहीत गोलाचं वर्णन नसतं. मिनिट, जर्सीचा नंबर आणि संघ, बस्स. पास कुणी दिला, चेंडू डोक्याने गेला की पायाने, याला त्या रकान्यात जागा नाही. मुंबईच्या लीगमध्ये मी सव्वीस वर्षं शिट्टी वाजवली. त्या वह्यांचा गठ्ठा अजून कपाटात आहे. पैकी एका वहीच्या पहिल्याच पानावर मी न पाहिलेल्या दोन सामन्यांची नोंद करून ठेवली आहे. डिसोझा : ९, ३३, ५०. मग आडवी रेघ. रेघेखाली, डिसोझा : ५२.

वरचे तीन आकडे थोडंफार फुटबॉल वाचणाऱ्यांना ठाऊक असतात. मला बोलायचं आहे ते रेघेखालच्या चौथ्या आकड्याबद्दल.

नेव्हिल डिसोझाचा जन्म ३ जुलै १९३२चा. कुटुंब मूळ गोव्याचं, पण त्याचा खेळ मुंबईचा. तो टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळला, नंतर कॅलटेक्सकडून. आजच्या वाचकाला हे जरा समजावून सांगायला हवं. त्या मुंबईत फुटबॉल म्हणजे कंपन्यांचा फुटबॉल. टाटा, कॅलटेक्स, बर्मा शेल यांचे संघ, खेळाडू त्या त्या ठिकाणी नोकरीला आणि संध्याकाळी मैदानात. माझे वडील परळच्या गिरणीत जॉबर होते. शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी झाली की डबा तसाच हातात घेऊन ते कूपरेजच्या मैदानावर सामने पाहायला जायचे. नेव्हिलचा धाकटा भाऊ डेरेक, तोही पुढे १९५८च्या आशियाई खेळांत भारताकडून खेळला. आमच्या चाळीत ‘डिसोझा’ म्हटलं की पुढचा प्रश्न यायचा, थोरला की धाकटा?

थोरला सेंटर फॉरवर्ड. तेव्हा पुढच्या फळीत पाच जण असत आणि हा मधोमध. बहुतेक वेळ पाठ गोलकडे, अंगावर दोन बचावपटू. रेफरी म्हणून या जागेची आणखी एक अडचण मला दिसते. आजच्या नियमात तुम्ही शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या बरोबरीने उभे असलात तर ऑफसाइड नाही. ही सवलत १९९०मध्ये आली. नेव्हिलच्या काळात बरोबरीला उभं राहणं म्हणजेही ऑफसाइड. म्हणजे अर्धं पाऊल मागे थांबायचं, चेंडू सुटल्यावरच निघायचं आणि तरीही त्या माणसाच्या आधी पोचायचं. लाइन्समनच्या झेंड्याखाली मी अशी शेकडो पोरं अडकलेली पाहिली आहेत, तीसुद्धा सवलतीच्या काळात.

आता थोडं मागे जातो, कारण ५२व्या मिनिटाची किंमत त्याशिवाय कळत नाही. १५ जुलै १९५२, हेलसिंकी ऑलिंपिक. भारत विरुद्ध युगोस्लाव्हिया, निकाल १०-१. आपले बरेचसे खेळाडू अनवाणी होते. त्या थंडीत, बूट घातलेल्या, ताकदवान संघासमोर. एकट्या झेबेकने चार गोल केले, आपल्याकडून एक अहमद खानने केला. त्या पराभवानंतर भारतीय फुटबॉलमध्ये बूट सक्तीचे झाले. प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. ‘मैदान’ चित्रपटामुळे आता त्यांचं नाव पुन्हा लोकांच्या तोंडी आलं, याचा मला मनापासून आनंद आहे. चार वर्षांनी मेलबर्नला संघ घेऊन गेले तेही रहीमसाहेबच.

मेलबर्नला स्पर्धेत अकराच संघ होते. आपली पहिली लढत हंगेरीशी होती, पण हंगेरीने माघार घेतली आणि आपल्याला पुढे चाल मिळाली. मग १ डिसेंबर १९५६ला यजमान ऑस्ट्रेलिया. नवव्या मिनिटाला नेव्हिलचा गोल. ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरोने बरोबरी केली. तेहतिसाव्या मिनिटाला पुन्हा नेव्हिल, मध्यंतराआधी पुन्हा मॉरो. दोन-दोन. मध्यंतरानंतर पाच मिनिटांत नेव्हिलचा तिसरा, आणि ऐंशीव्या मिनिटाला किट्टूने चौथा करून दार लावून घेतलं. ४-२. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा नेव्हिल हा पहिला आशियाई खेळाडू. उपांत्य फेरी गाठणारा भारत पहिला आशियाई देश. एकच सामना जिंकून चौघांत पोचलो, असं कुणी म्हणतं तेव्हा मी एवढंच सांगतो की तो सामना यजमानांच्या घरात होता. आणि ऑलिंपिक आटोपल्यावर सिडनीत ऑस्ट्रेलियाशी पुन्हा गाठ पडली, तेव्हा आपण ७-१ने जिंकलो.

उपांत्य सामना ४ डिसेंबरला, मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर. हो, तेच. आपल्याला क्रिकेटसाठी पाठ असलेलं. समोर कोण, तर युगोस्लाव्हिया.

मध्यंतराला ०-०. मी इथे नेहमी थांबतो. चार वर्षांपूर्वी ज्यांनी दहा गोल चढवले, त्यांना आपण पंचेचाळीस मिनिटं एकही करू दिला नाही. बदली खेळाडू तेव्हा नव्हते. जे अकरा उतरले तेच शेवटपर्यंत. कर्णधार बद्रू बॅनर्जी, उजव्या बगलेला पी. के. बॅनर्जी, मध्ये नेव्हिल. आणि बावन्नाव्या मिनिटाला नेव्हिलने गोल केला. भारत १, युगोस्लाव्हिया ०.

चोपन्नाव्या मिनिटाला पापेचने बरोबरी केली.

मधली दोन मिनिटं किती लांब असतात, हे रेफरीला विचारा. गोल झाला की खेळाडू एकमेकांना मिठ्या मारतात. त्यांना आपापल्या अर्ध्यात परत पाठवायचं, चेंडू मध्यावर ठेवायचा, वहीत मिनिट टिपायचं, लाइन्समनकडे एक नजर टाकायची, मग शिट्टी. यातच बराच वेळ जातो. म्हणजे प्रत्यक्ष खेळ मिनिटभराचा, फार तर थोडा अधिक. एवढा वेळ भारत ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात पुढे होता. १०-१ नंतर जवळजवळ साडेचार वर्षांनी, त्याच संघाविरुद्ध. हॅट्‌ट्रिकपेक्षा मला हा गोल मोठा वाटतो, आणि हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. ऑस्ट्रेलियाला हरवल्याने आपण कोणापेक्षा सरस आहोत ते कळलं. पण पुढच्या अंगणात जाऊन आपण उभे राहू शकतो, हे या एका गोलाने कळलं.

पुढचे आकडेही सांगायला हवेत. सत्तावन्नाव्या मिनिटाला वेसेलिनोविच, पासष्टाव्याला पुन्हा पापेच, आणि अठ्ठ्याहत्तराव्याला आपल्याच सलामचा स्वयंगोल. ४-१. आपल्याकडे तेव्हा सामने सत्तर मिनिटांचे होत, म्हणून नव्वद मिनिटांत आपली पोरं दमली, असं कारण मी कित्येक जाणत्यांकडून ऐकलं आहे. मला ते पटत नाही. तीन गोल पासष्टाव्या मिनिटाच्या आतले आहेत. तोवर सत्तर मिनिटांची सवय असलेला माणूसही दमत नाही. समोरचा संघ जागा झाला होता, इतकंच. त्याला जागं कुणी केलं, हे लिहून ठेवण्याजोगं आहे.

तिसऱ्या जागेच्या सामन्यात बल्गेरियाने ३-०ने हरवलं. नेव्हिलचे स्पर्धेत चार गोल झाले. वेसेलिनोविच आणि बल्गेरियाचा मिलानोव यांच्या बरोबरीने, सर्वांत जास्त. त्या ऑलिंपिकमधल्या सर्वाधिक गोल करणाऱ्यांपैकी एक खेळाडू मुंबईच्या एका कंपनीच्या संघातला होता, हे वाक्य मी आजही मोठ्याने म्हणून बघतो. १९६०च्या रोमनंतर भारताचा पुरुष संघ ऑलिंपिकमध्ये फुटबॉल खेळलेला नाही.

१९५८मध्ये कॅलटेक्सने रोव्हर्स करंडक जिंकला, त्या संघात तो होता. रोव्हर्स म्हणजे कूपरेजचा सण. हैदराबाद सिटी पोलीस, कोलकात्याचे मोठे क्लब, सगळे इथे यायचे. वडील त्या दिवसांबद्दल बोलताना नेव्हिलच्या गोलांपेक्षा बाकांवर बसलेल्या माणसांबद्दल जास्त बोलायचे. शेजारचा माणूस खांद्यावर चढला, कुणाची टोपी गेली ती मिळाली नाही, असं. कॅलटेक्सचं पुढे राष्ट्रीयीकरण झालं, ते हिंदुस्तान पेट्रोलियममध्ये मिसळलं आणि नाव गेलं. रोव्हर्स स्पर्धाही थांबली. खेळाडूला लोक त्याच्या संघाच्या नावाने लक्षात ठेवतात. संघच उरला नाही तर त्याची आठवण काढायला जायचं कुठे?

अर्जुन पुरस्कार सुरू झाला १९६१मध्ये. फुटबॉलचा पहिला पी. के. बॅनर्जींना मिळाला, आणि योग्यच मिळाला. नेव्हिलला तो कधीच मिळाला नाही. १६ मार्च १९८०ला तो गेला, तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होता. मला याची हळहळ वाटते, आणि ती वयाबरोबर कमी झालेली नाही.

पण एक जागा आहे. वांद्रे रेक्लमेशनला नेव्हिल डिसोझाच्या नावाचं फुटबॉलचं मैदान आहे. कृत्रिम गवत, दुपारी तीनच्या सामन्याला खालून तव्यासारखी धग येते, आणि रबराचे काळे दाणे बुटांतून, मोज्यांतून थेट घरच्या मोरीपर्यंत पोचतात. माझे शेवटच्या काळातले कितीतरी सामने तिथे झाले. आता मी तिथे नव्या रेफरींसोबत बसतो. पहिल्या दिवशी त्यांची वही मागून घेतो आणि पहिल्या पानावर चार आकडे लिहून देतो. मुलं हुशार असतात, मोबाइलवर शोधून पहिले तीन लगेच ओळखतात. चौथा विचारतात. मग मी घड्याळ काढतो, त्यांना दोन मिनिटं गप्प बसायला सांगतो, आणि आम्ही सगळे समोरच्या मैदानाकडे पाहत राहतो.