खडूने राजाला डिवचणारा दोमिए

1831 साली मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाछापावर मराठी पंचांग छापले. त्याच वर्षी तिकडे पॅरिसमध्ये तेवीस वर्षांच्या एका पोराने तसल्याच दगडावर राजाचे चित्र काढले आणि त्यापायी तुरुंग भोगला! त्याचे नाव ओनोरे दोमिए.

बाप काचा बसविणारा कारागीर, कवितेच्या वेडापायी पॅरिसला आलेला. घरात दारिद्र्य. म्हणून ओनोरे लहानपणीच कोर्टाच्या बेलिफाकडे निरोप्या म्हणून लागला. आम्ही कारकुनी करणारी माणसे. वकिलांचे झगे आणि पक्षकारांचे पडलेले चेहरे त्याने कुठे पाहून ठेवले, हे आम्हांला निराळे सांगायला नको.

शिळाछापाची रीत सोपी. चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचे, दगड ओला करायचा आणि शाईचा रूळ फिरवायचा. ओल्या जागी शाई धरत नाही, खडूच्या रेघेला मात्र चिकटते. हात हलका ठेवला तर राखी छटा, दाबला तर काजळासारखी काळी.

त्या चित्रात राजा लुई फिलिप खादाड राक्षस झाला होता. गोरगरिबांकडून गोळा केलेल्या पैशांच्या टोपल्या फळीवरून चढत थेट त्याच्या तोंडात! शिक्षा झाली सहा महिन्यांची.

एप्रिल 1834 मध्ये ट्रान्सनोनें रस्त्यावरील एका घरात शिरून सैनिकांनी झोपेतल्या रहिवाशांना ठार केले. दोमिएने ना सैनिक काढला, ना बंदूक. पलंगापाशी रात्रीच्या सदऱ्यात पडलेला एक माणूस, आणि त्याच्या देहाखाली चिरडलेले बाळ. बस्स! पोलिसांनी मिळतील तेवढ्या प्रती जप्त केल्या.

नेरुळच्या आमच्या रविवारच्या बालवर्गात हे चित्र दाखवावे की नाही, यावर कार्यकर्त्यांत बराच वाद झाला. शेवटी आठवी-नववीच्या मुलांनाच दाखविले. मग त्यांच्या हाती मेणखडू आणि खरबरीत कागद दिला. पालकांनो, गुळगुळीत कागद नको, त्यावर खडू नुसता घसरतो.

1835 च्या कायद्याने राजकीय व्यंगचित्रे बंद पडली. तेव्हा दोमिए वकील, न्यायाधीश, घरमालक यांच्याकडे वळला. सुमारे चार हजार शिळाचित्रे काढली, तरी कर्ज फिटले नाही. म्हातारपणी डोळे गेले. वाल्मोंदुआ गावी चित्रकार मित्र कोरो याने मिळवून दिलेल्या घरात 1879 साली तो वारला.