घरचा नाद : खोक्याविना खर्ज

गेल्या भागात बंद पेटीचे स्पीकर पाहिले. या भागात पेटीच काढून टाकायची आहे. उभी फळी, तिला गोल भोक, भोकात वूफर आणि पाठ सताड उघडी, एवढीच ओपन बॅफलची रचना. आवाज असा मोकळा की गायक समोर बसल्यासारखा वाटतो. पण ऐकणारा थोड्याच वेळात विचारतो : खर्ज कुठे गेला?

उत्तरासाठी उज्जैनच्या भैरवगढात जाऊ. कालभैरवाच्या या वस्तीत नगारा आणि डफ सगळ्यांच्या ओळखीचे. नगाऱ्याचे भांडे खालून बंद असते, त्यामुळे कातड्याच्या आतल्या बाजूचा आवाज तिथेच अडतो आणि बाहेरचा घुमतो. डफाची पाठ उघडी. कातडे पुढे सरकले की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. खालच्या स्वरांच्या लाटा लांब असतात. त्या कडेवरून वळून एकमेकींना मारतात. ओपन बॅफल हा स्पीकरांमधला डफ आहे.

हिशेब करून पाहू. फळी 60 सेंटीमीटर रुंद असेल तर साधारण 190 हर्ट्झच्या खाली आवाज उतरू लागतो, दर सप्तकाला 6 डेसिबलने. म्हणजे 95 हर्ट्झला 6 डेसिबल गेले, 48 ला 12. काळी एकचा षड्ज धरणाऱ्या तानपुऱ्याची खर्जाची तार 69 हर्ट्झच्या आसपास बोलते, म्हणजे नेमकी या उतारावर.

मग इक्वलायझरने खालचा भाग उचलावा? उचलता येतो, पण 12 डेसिबल वाढवायचे तर वूफरच्या पडद्याला चौपट हेलकावे घ्यावे लागतात आणि अॅम्प्लिफायरला सोळापट शक्ती द्यावी लागते. सहा इंची वूफर तिथे हात टेकतो.

खर्ज म्हणजे हलवलेली हवा. म्हणून पहिला उपाय मोठा पडदा : बारा किंवा पंधरा इंची वूफर, जमल्यास प्रत्येक बाजूला दोन. दुसरा, वूफरची निवड. त्याच्या माहितीपत्रकातला क्यूटीएस हा आकडा पाहावा. पेटीसाठी 0.3–0.4 चालतो; इथे 0.7 किंवा थोडा जास्त हवा, कारण असा वूफर आपल्या अनुनादाजवळ स्वतःच आवाज उचलून धरतो. तिसरा, फळीच्या दोन्ही कडांना मागे वळणारे पंख लावावेत. मागच्या लाटेची वाट लांबते. वूफर जमिनीलगत बसवला की फरशी आरशासारखी मदत करते.

ह्यूलेट-पॅकार्डमध्ये काम केलेले जर्मन अभियंते झीगफ्रिड लिंकविट्झ (1935–2018) यांनी ओरायन आणि एलएक्स521 या रचनांतून हाच मार्ग पक्का केला : मोठे वूफर, मोजून केलेले इक्वलायझेशन आणि प्रत्येक पट्ट्याला स्वतंत्र अॅम्प्लिफायर.

या कष्टाचे फळ आपल्या घरांत विशेष मिळते. चार मीटर लांबीच्या, फरशी आणि स्लॅबच्या खोलीत 43 हर्ट्झला हमखास गुंजन उठते आणि पेटीचा स्पीकर ते फुगवतो. उघडा स्पीकर पुढे-मागे बोलतो, दोन्ही बाजूंना जवळजवळ गप्प असतो. त्यामुळे खोली कमी घुमते. डग्ग्याची मींड स्वच्छ उमटते. देवासच्या कुमार गंधर्वांचे ध्वनिमुद्रण लावले तर तानपुरा आवाजाच्या मागे वेगळा उभा राहतो.

पाठीवर कापड हवेच असेल तर भैरवगढचे बटिक उत्तम. छपाईचे मेण उकळत्या पाण्यात निघून गेल्यावर सुती कापड पुन्हा श्वास घेते. तोंडाला लावून फुंकर मारावी. ती सहज पार गेली तर आवाजही जाईल. जाड चादर मात्र लावू नये.

शेवटची अट जागेची. फळीच्या मागे भिंतीपर्यंत किमान मीटरभर अंतर हवे. ते सुटत नसेल तर ओपन बॅफलचा नाद सोडावा आणि चांगली बंद पेटीच घ्यावी.