कप आमचा की आपला?

सीमाभागातल्या घरात मॅचचा वाद रात्री साडेअकराला संपतो. टीव्ही बंद झाला, ज्याची टीम हरली तो गुपचूप अंथरुणावर पडला, की विषय मिटला. पण दिवाळी सरली की एक वेगळाच वाद सुरू होतो आणि तो पार उन्हाळ्यापर्यंत पुरतो. कोणाला ठेवलं, कोणाला सोडलं, कोण किती कोटींना गेला, कोणाच्या बदल्यात कोण आला! मैदानावर एक चेंडू पडलेला नसतो, तरी जेवताना ताटं गार होतात.

ज्या घरात माहेर कोल्हापूर-गडहिंग्लजचं आणि सासर धारवाड-हुबळीचं, तिथे हे जास्त. एक बाजू मुंबई इंडियन्सची, दुसरी आरसीबीची. मामाकडे सुट्टी घालवून आलेला नातू निळी जर्सी घालून दारात उभा राहतो आणि अज्जी चष्मा वर करून विचारते, "इदु याव टीम?" तिला उत्तर माहीत असतंच.

आरसीबीची घोषणा आपल्या सगळ्यांच्या कानावर आहे. 'ई सल कप नम्दे.' टीव्हीवाले इंग्रजी स्पेलिंगवरून ती 'ई साला' अशी म्हणतात आणि मराठी कानाला उगाच कोणाला तरी शिवी दिल्यासारखं वाटतं. कानडीत 'सल' म्हणजे खेप. या खेपेला कप नम्दे. आता या 'नम्दे'चं मराठी करा पाहू! 'आमचाच' म्हणायचं की 'आपलाच'? कानडीत 'नम्म' हा एकच शब्द दोन्ही कामं करतो. मराठीत मात्र 'आमचा' म्हटलं की समोरचा बाहेर राहतो, 'आपला' म्हटलं की तो आत येतो. सासूबाई 'नम्दे' म्हणतात, तेव्हा मुंबईवाली सून त्यात धरलेली आहे की नाही, हे त्या शब्दावरून कळायला मार्ग नाही. लिलावावरून आपल्या घरांत जी काही खडाजंगी होते, ती बहुतेक याच एका शब्दाभोवती फिरत असते.

सुरुवातीला हिशेब सोपा वाटला होता. २० फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत आयपीएलचा पहिला लिलाव झाला. प्रत्येक संघाला खर्चायला ५० लाख डॉलर. सचिन मुंबईचा, द्रविड बंगळूरचा, गांगुली कोलकात्याचा. हे 'आयकॉन' खेळाडू ज्याच्या-त्याच्या गावाला आधीच देऊन टाकलेले. पण बाकीच्यांचं काय? रांचीचा धोनी १५ लाख डॉलरला चेन्नईकडे गेला. आणि आपल्याकडे तर पहिल्याच वर्षी उलटापालट झाली. श्रीरामपूरचा झहीर खान बंगळूरकडून, कर्नाटकचा रॉबिन उथप्पा मुंबईकडून! मग २००९ च्या हंगामाआधी दोन्ही संघांनी या दोघांची अदलाबदल केली. आपल्या जुन्या भाषेत सांगायचं तर साटंलोटं. त्या वर्षी दोन्हीकडचे व्याही खूश होते. आयपीएलच्या साऱ्या इतिहासात सीमाभागाला इतकं सोयीचं लग्न दुसरं जमलं नसेल. अर्थात ते टिकलं नाहीच. २०११ च्या लिलावात झहीर पुन्हा बंगळूरला गेला आणि उथप्पा पुण्याच्या संघात.

पुढे नियम वाढत गेले आणि वादही शास्त्रशुद्ध होत गेले. ज्यांना यातलं फारसं ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. प्रत्येक संघाला ठरावीक रक्कम मिळते, तिला 'पर्स' म्हणतात. मोठ्या लिलावाआधी काही खेळाडू आपल्याकडे राखून ठेवता येतात, पण त्यांचे पैसे पर्समधून आधीच कापले जातात. उरलेल्यात बाकीचा संघ बांधायचा. लग्नाच्या याद्या करणाऱ्या कोणत्याही बाईला हे एका मिनिटात समजतं. दागिन्यांवर जास्त गेलं की जेवणावळीला हात आखडावा लागतो.

२०१८ चं उदाहरण घ्या. आजही काही घरांत त्याचं नाव काढायची सोय नाही. त्या वेळी पर्स ८० कोटींची. आरसीबीने तीन खेळाडू राखले. विराट कोहली १७ कोटी, एबी डिव्हिलियर्स ११ कोटी, आणि तिसरा सर्फराज खान, १ कोटी ७५ लाख. मुंबईत वाढलेला सर्फराज ठेवला आणि कर्नाटकचा के. एल. राहुल सोडला! हिशेब असा होता की भारताकडून खेळलेला तिसरा खेळाडू राखला तर पर्समधून ७ कोटी जाणार, न खेळलेला राखला तर ३ कोटी. म्हणजे चार कोटी वाचले. कागदावर शहाणपणाचं होतं. पण लिलावात पंजाबने राहुलला ११ कोटींना घेतलं आणि त्याने त्या हंगामात ६५९ धावा केल्या. सर्फराजला त्या वर्षी बंगळूरकडून फार काही करता आलं नाही. चार कोटी वाचवायला गेले आणि घरचा मुलगा घालवला, असं धारवाडकडचे लोक म्हणतात, ते काही खोटं नाही. त्यावर मुंबईवाल्यांचं उत्तर ठरलेलं. "तुमचा राहुल गेला म्हणून रडता, आमचा श्रेयस अय्यर तर मुंबई इंडियन्सकडे कधी आलाच नाही!" हेही खरंच आहे.

पण माझ्या मते या सगळ्या वादाचा खरा कस लागला तो जेद्दाहच्या लिलावात. २४ आणि २५ नोव्हेंबर २०२४, सौदी अरेबियात. पर्स १२० कोटी. ऋषभ पंत २७ कोटींना लखनौकडे गेला, श्रेयस २६ कोटी ७५ लाखांना पंजाबकडे. आरसीबीने कोहली २१, रजत पाटीदार ११ आणि यश दयाल ५ कोटींना राखला होता, त्यामुळे हातात ८३ कोटी. आता तरी राहुल घरी येणार, असं सगळे धरून बसले होते. आरसीबीने बोली लावली, थोडी चढवली आणि हात खाली घेतला. दिल्लीने त्याला १४ कोटींना नेला. मोहम्मद सिराज गुजरातकडे गेला. विल जॅक्सला परत घेण्याचा हक्क हातात असून वापरला नाही. तो मुंबईला ५ कोटी २५ लाखांना मिळाला आणि आकाश अंबानी उठून आरसीबीच्या टेबलाशी हात मिळवायला गेले. ते दृश्य त्या रात्री किती घरांत मुद्दाम पुन्हा पुन्हा लावलं गेलं असेल! "व्याह्यांनी आहेर पाठवला," असं म्हणायलाही लोकांनी कमी केलं नाही.

आणि आरसीबीने घेतलं कोणाला? जोश हेझलवूड १२ कोटी ५० लाख, भुवनेश्वर कुमार १० कोटी ७५ लाख, यष्टिरक्षक जितेश शर्मा ११ कोटी, कृणाल पांड्या ५ कोटी ७५ लाख. नावं ऐकून कोणी फटाके लावले नाहीत. वर्षानुवर्षं या संघाने दोन-तीन दिग्गज फलंदाजांवर पैसा ओतला आणि शेवटच्या चार षटकांत गोलंदाजी करायला माणूस शोधत बसला. या वेळी पहिल्यांदा पैसा गोलंदाजीकडे आणि मधल्या फळीकडे वळवला होता. हे लिलावाच्या रात्री ज्यांच्या लक्षात आलं ते थोडेच, आणि त्यांचं घरात कोणी ऐकलं नाही.

१० एप्रिल २०२५ रोजी राहुल दिल्लीचा होऊन चिन्नास्वामीवर उतरला. नाबाद ९३ करून सामना काढला, बॅटने जमिनीवर गोल आखला आणि मध्ये बॅट रोवली. हे मैदान माझं! 'कांतारा' सिनेमावरून ते सुचल्याचं त्याने नंतर सांगितलं. कानडी घरात त्या क्षणी काय करायचं? आरसीबी हरली आणि 'नम्म हुडुग' जिंकला. टाळी वाजवावी तर टीमशी गद्दारी, न वाजवावी तर मातीशी.

पुढचं सर्वांना माहीत आहे. २७ मे रोजी लखनौत २२८ धावांचा पाठलाग करताना जितेशने ३३ चेंडूंत नाबाद ८५ केल्या. हा जितेश अमरावतीचा. ३ जूनला अहमदाबादेत पंजाबला ६ धावांनी हरवून आरसीबीने अठराव्या वर्षी कप उचलला. अंतिम सामन्याचा मानकरी कृणाल पांड्या, चार षटकांत १७ धावा देऊन २ बळी. हाच कृणाल २०१७ च्या अंतिम सामन्यात मुंबई इंडियन्सकडून सामनावीर ठरला होता! कर्णधार पाटीदार इंदूरचा. २०२२ च्या मोठ्या लिलावात त्याला कोणीच घेतलं नव्हतं. एक खेळाडू जखमी झाला म्हणून २० लाखांत बदली आला आणि त्याच वर्षी ईडन गार्डनवर बाद फेरीत नाबाद ११२ करून गेला. २०२५ च्या अंतिम सामन्यातल्या अकरा जणांत कर्नाटकचा एकच, मयंक अगरवाल. तोही देवदत्त पडिक्कल जखमी झाल्यावर मधेच बोलावलेला. मग हा कप नम्दे कसा? असं मुंबईकडचे विचारत होते, आणि प्रश्न चुकीचा नव्हता. पण त्यांच्याच बाजूच्या एका काकूंनी अमरावतीच्या पोराचं नाव घेऊन पेढे वाटले, त्याला काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी, ४ जूनला, चिन्नास्वामीबाहेरच्या चेंगराचेंगरीत ११ जण गेले. तो आठवडा कोणत्याच घरात कोणी कोणाला चिडवलं नाही.

मुंबईवाल्यांचीही परीक्षा झालीच. हार्दिक पांड्याला मुंबईने २०१५ मध्ये १० लाखांना घेऊन मोठा केला. तो २०२२ मध्ये १५ कोटींना गुजरातचा कर्णधार झाला, पहिल्याच वर्षी विजेता ठरला. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबईने त्याला रोख व्यवहारात परत आणला. त्यासाठी पर्समध्ये जागा हवी होती, म्हणून साडेसतरा कोटींचा कॅमेरून ग्रीन आरसीबीला देऊन टाकला. म्हणजे आमच्या भांडणाचे पैसे तुम्ही भरलेत, असं सून सासऱ्यांना सुनावू शकते! इथवर ठीक होतं. पण १५ डिसेंबरला पाच कप जिंकून देणाऱ्या रोहित शर्माच्या जागी हार्दिकला कर्णधार केलं आणि घराघरांत मुंबईचेच दोन तट पडले. १ एप्रिल २०२४ रोजी वानखेडेवर घरच्या कर्णधाराची इतकी हुर्यो उडवली गेली की नाणेफेकीच्या वेळी संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना नीट वागा म्हणून सांगावं लागलं. मुंबई त्या वर्षी तळाला राहिली. मला ती हुर्यो तेव्हाही पटली नव्हती. सौदा मालकांनी केला, शिव्या खेळाडूने खाल्ल्या. तीन महिन्यांनी, ४ जुलैला, विश्वचषक घेऊन संघ त्याच मैदानावर आला तेव्हा तेच लोक हार्दिकच्या नावाने ओरडत होते. बार्बाडोसच्या अंतिम सामन्यातलं शेवटचं षटक त्यानेच टाकलं होतं ना!

कबड्डीतही हेच. पुणेरी पलटणने इराणच्या शादलोईला २ कोटी ३५ लाखांना घेतलं, १ मार्च २०२४ ला पहिला किताब जिंकला आणि त्याला सोडून दिलं. हरियाणाने त्याला २ कोटी ७ लाखांना उचललं, आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुण्यातल्याच बालेवाडीत किताब जिंकून नेला. असो.

या सगळ्यात एक नाव असं आहे की ज्यावर आपल्याकडे दोन्ही बाजूंचं एकमत होतं. १३ फेब्रुवारी २०२३, महिलांच्या लीगचा पहिला लिलाव. पहिलंच नाव पुकारलं गेलं स्मृती मानधनाचं. मुंबई आणि आरसीबी यांच्यातच चढाओढ लागली आणि आरसीबीने तिला ३ कोटी ४० लाखांना नेलं. प्रत्येक संघाची पर्स होती १२ कोटी. जवळजवळ तीस टक्के रक्कम एकाच मुलीवर! मुंबईत जन्मलेली, सांगलीत वाढलेली मुलगी बंगळूरची कर्णधार झाली. पहिल्या वर्षी संघ कोसळला तेव्हा 'एकीवर एवढा पैसा लावतात का' असंही बोललं गेलं. १७ मार्च २०२४ ला दिल्लीत तिनेच कप उचलला, पुरुषांच्या एक वर्ष आधी. त्या अंतिम सामन्यात १२ धावांत ४ बळी घेणारी श्रेयांका पाटील कर्नाटकची, लिलावात अवघ्या १० लाखांची. सांगलीची कर्णधार आणि कर्नाटकची गोलंदाज! त्या रात्री सासूबाई 'नम्दे' म्हणाल्या आणि सुनेने त्याचं मराठी 'आपला' असंच केलं.

पुरुषांच्या बाजूला मात्र बाजार चालूच राहिला. नोव्हेंबर २०२५ मध्ये संजू सॅमसन चेन्नईला गेला, बदल्यात सॅम करनबरोबर रवींद्र जडेजा राजस्थानला. याच जडेजावर राजस्थानशी करार बाकी असताना परस्पर दुसरीकडे बोलणी केली म्हणून २०१० मध्ये वर्षभर बंदी आली होती. त्याच सुमारास अर्जुन तेंडुलकर मुंबईतून लखनौला गेला आणि पालघरचा शार्दूल ठाकूर लखनौतून मुंबईला आला. सचिनचा मुलगा लखनौचा, हे अजून अनेक आजोबांच्या पचनी पडलेलं नाही. आणि १६ डिसेंबरला अबू धाबीत, वर्षापूर्वी २३ कोटी ७५ लाखांना विकला गेलेला इंदूरचा वेंकटेश अय्यर आरसीबीला ७ कोटींत मिळाला. स्वस्तात मिळाला की उतरल्या भावाचा माल गळ्यात पडला, यावर माझ्या माहितीतल्या एका घरात जावई आणि सासरे दोन दिवस वाद घालत होते. एक मराठीत, एक कानडीत.