शर्मा परतले, मग काम सुरू झालं

३ एप्रिल १९८४ रोजी बैकोनूरहून निघालेले राकेश शर्मा ११ एप्रिलला पृथ्वीवर परतले. पंतप्रधानांशी झालेला संवाद, योगाचे प्रयोग, अंतराळातून टिपलेला भारत, एवढं आपल्याला आठवतं आणि आपल्यापुरती गोष्ट तिथं संपते. पण ज्या सॅल्यूत-७ या सोव्हिएत अंतराळ स्थानकावर ते पाहुणे होते, तिथं लिओनिद किझिम, व्लादिमीर सोलोव्योव आणि हृदयरोगतज्ज्ञ ओलेग अत्कोव हे तिघं ८ फेब्रुवारीला निघून आधीपासूनच मुक्कामाला होते. ते २ ऑक्टोबरला उतरले. २३७ दिवसांचा तो तेव्हाचा विक्रम. मला मात्र विक्रमापेक्षा त्यांनी केलेली एका नळीची दुरुस्ती मोठी वाटते.

सप्टेंबर १९८३ मध्ये, आधीचे दोघे स्थानकावर असताना, मालवाहू प्रोग्रेस यानातून इंधन भरताना ऑक्सिडायझरची एक नळी फुटली. इंधन जळायला लागणारं हे रसायन अतिशय दाहक. ते गमावलं की स्थानकाची दिशा आणि कक्षा सांभाळणारी इंजिनं अपुरी पडतात. शिवाय फुटलेली जागा स्थानकाच्या मागच्या टोकाला, बाहेरच्या आवरणाखाली होती. तिथं माणसानं काही उघडावं, अशा बेतानं ती बांधलेलीच नव्हती.

शर्मा गेल्यावर बाराव्या दिवशी, २३ एप्रिलला, किझिम आणि सोलोव्योव पहिल्यांदा बाहेर पडले. त्या दिवशी फक्त घडीची शिडी लावून हत्यारं जागेवर नेली. त्यातच चार तास गेले. मग २६ एप्रिल, २९ एप्रिल, ४ मे. उष्णतारोधक आच्छादन कापायचं, झाकण काढायचं, घट्ट बसलेल्या नटाशी झुंजायचं, वाल्व्ह आणि पर्यायी नळ्या जोडायच्या. ठाण्यात नौपाड्यातल्या जुन्या इमारतींच्या मागे परांचीवर उभं राहून पाइप बदलणारा कारागीर निदान पाय रोवून जोर लावू शकतो. इथं पाना फिरवायला जावं तर माणूसच उलटा फिरतो.

खरा त्रास हातमोज्यांचा. त्यांच्या ओर्लान या अंतराळ पोशाखातला दाब पृथ्वीवरच्या हवेच्या दाबाच्या साधारण ०.४ पट असतो. बाहेर निर्वात असल्यानं पोशाख फुगून ताठ होतो आणि प्रत्येक वेळी मूठ वळताना त्या दाबाविरुद्ध बोटं मिटावी लागतात. दाब याहून वाढवला तर हात हलणार नाहीत. कमी ठेवायचा तर रक्तात विरघळलेला नायट्रोजन बुडबुडे होऊन बाहेर पडण्याचा धोका. म्हणून बाहेर पडण्याआधी शुद्ध ऑक्सिजन श्वासात घेऊन तो नायट्रोजन कमी करतात. त्यातच साधारण दर दीड तासाला एक दिवस आणि एक रात्र उलटते.

१८ मे रोजी दोघांनी स्थानकाच्या सौरपंखाला जादा पॅनेल जोडली. तेव्हा आत थांबलेल्या अत्कोव यांनी तो पंख फिरवून दिला. नळीची गळती मात्र राहिलीच होती. ती बंद करायला नळी दाबून चपटी करणं हाच मार्ग उरला आणि एवढा जोर हाताच्या हत्यारात नव्हता. जुलैमध्ये व्लादिमीर झानिबेकोव हवेच्या दाबावर चालणारा प्रेस घेऊन आले. त्यांच्याच सोबत आलेल्या स्वेतलाना साविट्स्काया २५ जुलैला स्पेसवॉक करणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. ८ ऑगस्टला किझिम आणि सोलोव्योव सहाव्यांदा बाहेर पडले आणि नळी चिमटून बंद झाली. सहा फेऱ्या मिळून साधारण २३ तास!

सॅल्यूत-७ ची कक्षा विषुववृत्ताशी सुमारे ५१.६ अंशांनी कललेली होती, म्हणून १९.२ अंश उत्तरेवरचं ठाणे तिच्या पट्ट्यात येत असे. बैकोनूरहून यानं तिथवर पोचावीत म्हणून आजच्या आंतरराष्ट्रीय स्थानकालाही तोच कल दिला आहे. २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला राहिले ते हेच स्थानक. राम मारुती रस्त्याजवळच्या गच्चीवरून संध्याकाळी तो ठिपका सरकताना दिसला, तर तो त्याच कलाच्या वाटेवर असतो.

आणि शर्मा ज्या सोयुझ टी-११ मधून वर गेले, ते यान त्यांनी तिघांसाठी मागे ठेवलं; स्वतः ते त्या तिघांच्या जुन्या टी-१० मधून उतरले. कक्षेत सोयुझचं आयुष्य मर्यादित असतं, म्हणून अशी अदलाबदल करत. ऑक्टोबरमध्ये तिघं घरी आले ते टी-११ मधून. १९८६ मध्ये किझिम आणि सोलोव्योव नव्या मीर स्थानकावर गेले, तिथून सॅल्यूत-७ वर, आणि त्याच्याबाहेर आणखी दोनदा काम करून पुन्हा मीरवर.