सह्याद्रीतले सस्तन प्राणी : लेखांक 6
वाघ राहत नाही, पण वाघ जातो

2018 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्पातल्या कॅमेऱ्यात एक नर वाघ टिपला गेला. 2020 च्या मे महिन्यात तोच वाघ कर्नाटकातल्या काळी व्याघ्र प्रकल्पात सापडला, 200 किलोमीटरहून अधिक दक्षिणेला. पुढे एक वाघ उलट दिशेने गेला : एप्रिल 2022 मध्ये राधानगरी अभयारण्यात दिसलेला नर डिसेंबर 2023 मध्ये सह्याद्री प्रकल्पातल्याच चांदोलीत पोहोचला होता. काळी ते चांदोली या डोंगररांगेचा मधला दुवा म्हणजे तिळारी, चंदगड, आंबोली, आजरा, भुदरगड हा पट्टा.

वाघ तोच, हे कशावरून? पट्ट्यांवरून. दोन वाघांचे पट्टे कधीच जुळत नाहीत. इतकंच काय, एकाच वाघाची डावी आणि उजवी कूसही वेगळी असते. म्हणून पायवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे बांधतात. डॉ. उल्हास कारंथ यांनी नागरहोळेत 1990 च्या दशकात या पद्धतीने वाघांची मोजदाद रूढ केली. तोवर ठशांवर भिस्त होती. आपल्या पट्ट्यात प्रश्न मात्र संख्येचा नाही, ओळखीचा आहे. एका टोकाचा फोटो दुसऱ्या टोकाच्या फोटोशी ताडून पाहिला, तरच मधली वाट जिवंत असल्याचा पुरावा मिळतो.

या दोन्ही प्रवासांत नरच आहेत, यालाही कारण आहे. वयात आलेला नर आईचं क्षेत्र सोडून लांब जातो. मादी सहसा जवळपासच ठाण मांडते. म्हणून सह्याद्रीत 2025 च्या अखेरीस ताडोबातून वाघीण आणून सोडावी लागली. पुढे तिची पिल्लं मोठी होतील तेव्हा त्यांना दक्षिणेकडचा रस्ता मोकळा लागेल, आणि तो आजऱ्यावरून जातो.

आता आजऱ्याचं जंगल सलग नाही. मधे काजू आहे, ऊस आहे, घनसाळ भाताची खाचरं आहेत. राज्य सरकारने डिसेंबर 2020 मध्ये आजरा-भुदरगड संवर्धन राखीव क्षेत्राला मान्यता दिली, हे चांगलंच झालं. या प्रकारात गावकऱ्यांचे हक्क जात नाहीत आणि व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतींचे प्रतिनिधी बसतात. पण असं क्षेत्र सरकारी जमिनीवरच करता येतं. वाघाला, गव्याला, हत्तीला मालकीच्या गटातूनही जावं लागतं, आणि तिथे शेतकऱ्याच्या सहनशीलतेखेरीज दुसरा आधार नाही.

ती सहनशीलता किती ताणली गेली आहे, हे आजरेकरांना सांगायला नको. 2002 च्या सुमारास दांडेलीकडून हत्ती महाराष्ट्रात उतरले. त्यानंतर तालुक्यात वावरणाऱ्या टस्कराला लोकांनी ‘चाळोबा गणेश’ असं नाव दिलं. नावात गणपती असला तरी आडवा झालेला ऊस पाहताना डोळ्यांत पाणीच येतं. माझ्या मते इथे संशोधनाचा एक खजिना दुर्लक्षित पडून आहे : नुकसानीचे पंचनामे. तारीख, गाव, गट क्रमांक, पीक, सगळं त्यात असतं. ते नकाशावर मांडले, तर हत्ती कोणत्या महिन्यात कोणत्या ओढ्याने उतरतो हे कळेल. अट एकच, भरपाई वेळेवर आणि पुरेशी मिळाली पाहिजे. नाहीतर शेतकरी पंचनाम्याच्या फंदातच पडणार नाही आणि ही माहितीही बुडेल.

सगळ्यात तातडीचं काम रस्त्यावर आहे. संकेश्वर-बांदा महामार्ग आजऱ्यावरून आंबोलीला जातो, म्हणजे राधानगरीकडून तिळारीकडे उतरणाऱ्या प्रत्येक प्राण्याला तो ओलांडावाच लागतो. पेंचजवळ नागपूर-जबलपूर महामार्गावर प्राण्यांसाठी नऊ ठिकाणी पुलांखालून वाट ठेवली. भारतीय वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांत तिथून जाणारे वाघही टिपले गेले. असे मार्ग कुठे हवेत हे कागदावरून ठरत नाही. आजरा ते आंबोली दरम्यान रात्री कोणत्या वेळी किती वाहनं धावतात, गवे नेमके कोणत्या वळणावर उतरतात, कोणत्या मोरीत पावसाळ्यानंतरही पाणी साचून राहतं, याची वर्षभर नोंद करावी लागेल. या रस्त्यावरच्या गवसे गावापासून वरच्या गावांतले तरुण हे काम करू शकतात. जागा त्यांना ठाऊकच आहेत.

पुढच्या आठवड्यात : दाजीपूरचा गवा.