काट्यावरची पाळी आणि संगणकाची रांग



गेल्या गळीत हंगामात एक तक्रार वारंवार कानावर आली. काटा वजन झटक्यात दाखवतो, पण पावती हातात यायला फार वेळ लागतो. मागची गाडी हॉर्न वाजवते, पुढची हलत नाही. काट्यावरची मुलं हळू काम करतात असं अनेकांना वाटलं, आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला आम्हालाही तसंच वाटलं.

चौकशी केल्यावर दोष मुलांचा नव्हता असे दिसून आले. काट्यावरचे वजन, मुख्य कचेरीतला हिशोब, गट कार्यालयांतील ऊस नोंदी, गाडीतळावरचे कॅमेरे, एवढेच काय कचेरीतला फोनसुद्धा, ही सर्व कामे आता एकाच संगणक-जाळ्यावरून चालतात. कोंडी त्या जाळ्यात होत होती. ती कशी होते, ओळखायची कशी आणि पाळी कुणाला आधी द्यायची, हे सभासदांना माहीत असावे म्हणून हा लेख. पाळीचा प्रश्न शेवटी न्यायाचा असतो, आणि पाटाच्या पाण्यावर शेती करणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

कोंडी कशी होते?

संगणकावरची माहिती अखंड धारेने जात नाही. तिचे लहान लहान तुकडे होतात. त्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटवर कुठून आले आणि कुठे जायचे याचा पत्ता असतो. वाटेतल्या प्रत्येक नाक्यावर राउटर नावाचे यंत्र असते. ते पत्ता वाचून पॅकेट पुढच्या रस्त्याला लावते. एका लाइनीवर एका वेळी एकच पॅकेट निघते, बाकीची राउटरच्या स्मरणात रांग लावून थांबतात. रांगेची जागा भरली की नवे येणारे पॅकेट टाकून दिले जाते. पाठवणाऱ्याला पोच मिळाली नाही की तो तेच पॅकेट पुन्हा पाठवतो.

घोटाळा इथेच होतो. अमेरिकेत ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचे बर्कले आवार यांच्यामधील वाहतूक अशीच तुंबली. दोन ठिकाणांत अंतर अवघे ४०० यार्ड. सेकंदाला ३२,००० बिट जाणारी माहिती ४० बिटांवर आली, म्हणजे आठशेपट घट. लाइन तुटली नव्हती. पोच येईना म्हणून प्रत्येक संगणक पुन्हा पुन्हा तेच पाठवत होता, आणि त्या दुबार मालानेच रस्ता भरून गेला होता. व्हॅन जेकबसन यांनी या प्रकाराचा अभ्यास करून १९८८ मध्ये उपाय प्रसिद्ध केला. पाठवणाऱ्याने सुरुवात थोड्याने करावी, पोच येत जाईल तसे वाढवावे आणि पॅकेट हरवले की हात आखडता घ्यावा. आजही जगभरचे संगणक याच तत्त्वावर चालतात.

गाडीतळ वाढवून गळीत वाढत नाही

कुणी म्हणेल, राउटरमधली रांगेची जागाच मोठी करा, म्हणजे पॅकेट टाकावे लागणार नाही. पण गाडीतळ दुप्पट केला म्हणून गव्हाणीत ऊस दुप्पट पडतो का? उलट गाड्या उन्हात वाळत उभ्या राहतात. जॉन नेगल यांनी १९८५ मध्येच दाखवून दिले होते की रांगेला अमर्याद जागा दिली तरी कोंडी सुटत नाही. पॅकेट आपल्या पाळीची वाट पाहता पाहताच मुदतबाह्य होते. त्यांनी सुचवलेला उपाय आपल्या ओळखीचा आहे. सर्वांची एकच रांग न ठेवता प्रत्येक पाठवणाऱ्याची वेगळी रांग ठेवावी आणि प्रत्येकाला आळीपाळीने एक एक सोडावे. म्हणजे जो अधिक रेटतो त्यालाच अधिक मिळते असे होत नाही.

आधी मोजा, मग बोला

उपायाआधी मोजमाप हवे. राउटर प्रत्येक लाइनीवरून किती माहिती गेली याची मोजणी ठेवतो. साधारणपणे दर पाच मिनिटांनी ते आकडे घेऊन आलेख काढतात. मात्र पाच मिनिटांची सरासरी फसवी असते. दोन मिनिटे लाइन पूर्ण भरली आणि तीन मिनिटे रिकामी राहिली, तर आलेख चाळीस टक्केच दाखवतो. पण काट्यावर गाडी नेमकी त्या दोन मिनिटांत उभी असते. म्हणून रांग किती लांबली आणि किती पॅकेटे टाकली गेली हेही पाहावे लागते.

दुसरी नोंद असते ती कोणत्या संगणकाकडून कोणाकडे, कोणत्या कामासाठी, किती माहिती गेली याची. ही पाकिटावरचा पत्ता पाहण्यासारखी आहे, आतले पत्र वाचण्यासारखी नव्हे. हा फरक आम्ही मुद्दाम सांगतो. कोंडी शोधायला पत्ता पुरतो. देखरेखीच्या नावाखाली कुणाचे पत्र उघडण्याचे कारण नाही.

आपल्याकडे ही नोंद घेतली तेव्हा कळलं की गाडीतळावरच्या कॅमेऱ्यांच्या चित्रफिती ऐन दुपारी, गाड्यांची गर्दी असतानाच, कचेरीतल्या संगणकाकडे साठवणीला जात होत्या. काट्याची चिमूटभर माहिती त्यांच्या मागे उभी राहत होती. चित्रफितींची वेळ आता रात्रीची केली आहे. मोठ्या लाइनीचा खर्च तूर्त वाचला. काट्यावरच्या मुलांना आपण उगाच बोल लावला, हेही इथे कबूल केले पाहिजे.

सगळा माल सारखा नाशवंत नसतो

तोडलेला ऊस थांबला की वजन घटते, उतारा पडतो. गोदामातले साखरेचे पोते मात्र चार दिवस थांबले तरी बिघडत नाही. माहितीचेही तसेच आहे. फोनवरचा आवाज हा तोडलेला ऊस. त्याची साधारणपणे सेकंदाला ५० पॅकेटे निघतात. एका बाजूने पोचायला १५० मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागू लागला की बोलणे अडखळते. उशिरा आलेला शब्द काही कामाचा नाही. मोठी फाइल किंवा रात्रीची प्रत म्हणजे साखरेचे पोते. काट्याची पावती या दोहोंच्या मधली. तिचा आकार लहान, पण तिच्यामागे माणूस आणि गाडी खोळंबलेली.

हा भेद ओळखण्यासाठी पॅकेटवर खूण करण्याची सोय १९८१ च्या नियमांतच होती. तेव्हा आठ दर्जे होते. १९९८ मध्ये ती पद्धत सुधारून ६४ खुणांची सोय झाली. राउटर खूण पाहून पॅकेट योग्य रांगेत लावतो.

या अग्रक्रमाचा जुना दाखला अमेरिकेच्या एन.एस.एफ.नेट या जाळ्याचा आहे. १९८६ मध्ये सुरू झालेल्या या जाळ्याच्या मुख्य लाइनी सेकंदाला ५६,००० बिटांच्या होत्या, आणि त्या लवकरच अपुऱ्या पडल्या. तेव्हा डेव्हिड मिल्स यांनी आपल्या राउटरांत अशी व्यवस्था केली की दूरच्या संगणकावर बसून टंकन करणाऱ्याची पॅकेटे आधी आणि मोठ्या फाइली मागून जाव्यात. १९८८ मध्ये मोठ्या लाइनी येईपर्यंत त्यावर निभावले. पण ही व्यवस्था वापरणाऱ्यांना जाहीर केलेली नव्हती. सगळ्यांना कळते तर प्रत्येकाने आपलाच माल तातडीचा म्हणून खूण केली असती.

सहकारात गुपित चालत नाही

इथे आपला मार्ग वेगळा असला पाहिजे. अग्रक्रमाने लाइनीची ताकद तसूभरही वाढत नाही. एकाला पुढे घेतले की दुसरा मागे जातो. म्हणून तीन पथ्ये आम्हाला आवश्यक वाटतात. पहिले, दर्जा कामाला द्यावा, माणसाला नव्हे. काट्याची पावती कुणाच्याही उसाची असो, ती एकाच रांगेत. दुसरे, वरच्या दर्जालाही मर्यादा हवी आणि खालच्या दर्जाला किमान वाटा राखून ठेवावा, नाहीतर शेपटाच्या शेतकऱ्याला पाणी पोचत नाही तशी गत होते. तिसरे, खुणा नाक्यावर राउटरने कराव्यात, ज्याच्या त्याच्या हाती सोडू नयेत, आणि नियम लिहून फलकावर लावावेत.

देशातही हाच वाद झाला. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी मजकूर पाहून इंटरनेटचे वेगवेगळे दर लावण्यास मनाई केली. २०१८ मध्ये केंद्र सरकारने इंटरनेट सेवा देणाऱ्यांनी मजकुरात भेदभाव करू नये हे तत्त्व मान्य केले, मात्र कोंडी आवरण्यासाठी वाजवी नियमनाला मुभा ठेवली. आतल्या जाळ्याचे नियम आपले आपणच ठरवायचे असतात, पण कसोटी तीच.

तेव्हा सभासदांना विनंती अशी की पुढच्या हंगामात पावती अडकली तर काट्यावर हुज्जत न घालता वेळ आणि काटा नंबर गट कार्यालयात नोंदवावा. तुमची ती नोंद आणि राउटरचा आकडा शेजारी ठेवला की कोंडी नेमकी सापडते.



आपले,
संपादक मंडळ