चोपण जमीन, जिप्सम आणि चर

महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां पीकपाहणीचीं पत्रकें पुष्कळ हातांखालून गेलीं. कालव्याखालच्या कित्येक नंबरांची हकीकत त्यांत एकच दिसे: प्रथम ज्वारी, मग ऊंस, आणि कांहीं वर्षांनीं ‘पड’. ही पड आळसाची नव्हे. निचऱ्यावांचून दिलेल्या पाण्याची आहे.

बिघडलेल्या जमिनीचे दोन प्रकार शेतकरी बंधूंनीं ओळखावे. उन्हाळ्यांत जिच्यावर पांढरा क्षार फुलतो ती खारवट. निचरा असल्यास ती गोड्या पाण्यानें धुवून निघते. दुसरी चोपण. हिच्या मातीच्या कणांस सोडियम चिकटून बसतें. कणांनीं धरलेल्या क्षारद्रव्यांत त्याचें प्रमाण शेंकडा १५ हून अधिक झालें कीं, माती भिजतांच चिकट व वाळतांच दगडासारखी होते; पाणी मुरत नाहीं. सामू बहुधा ८.५ च्या वर जातो.

येथें जिप्समच पाहिजे. त्यांतील कॅल्शियम कणांवरील सोडियमची जागा घेतें, व सुटलेलें सोडियम सल्फेटच्या रूपानें पाण्यांत विरघळतें. चुना अशा मातींत विरघळत नसल्यानें त्याचा उपयोग होत नाहीं. कर्नाल येथें १९६९ सालीं स्थापन झालेल्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेनें उत्तरेकडील अशा जमिनी याच मार्गानें लागवडीस आणण्याची पद्धत बसविली.

जिप्समचें प्रमाण मातीच्या परीक्षेवरूनच ठरवावें. बारीक पूड वरच्या चार-सहा इंचांत मिसळून भरपूर पाणी द्यावें. मग धैंचा पेरून फुलावर येण्याच्या सुमारास गाडावा. विहिरीच्या पाण्यांतच सोड्याचा अंश अधिक असेल, तर तें जिप्समच्या खड्यांनीं भरलेल्या हौदांतून शेतांत सोडावें.

परंतु चर नसेल तर हें सर्व व्यर्थ होय. आमच्या घरच्या दीड एकरांत मीं जिप्सम घातलें, पाणी दिलें. चर मात्र काढला नाहीं. सुटलेल्या सोडियमला बाहेर जाण्यास वाट नव्हती. जमिनीखालील पाणी वर चढलें, व दोन वर्षांत रान पूर्ववत् चोपण झालें. पुढें खालच्या शेजाऱ्याची समजूत घालून त्याच्या बांधाकडेनें ओढ्यापर्यंत चर नेला, आणि पुन्हां जिप्सम घातलें, तेव्हां कोठें ज्वारी उभी राहिली.

जिप्सम एकट्यास विकत आणतां येतें; चर शेजाऱ्याच्या संमतीवांचून निघत नाहीं. तरी पोतीं आणण्यापूर्वीं शेजाऱ्याचें घर गांठावें, हीच वाचकांस विनंती.